दोन बोटं फेस

जन्मात दारूचा थेंब जिभेला न लावता उत्तम दारू करणारा माणूस सबंध बुंदेलखंडात एकच होता, आणि तो नेमका माझा चुलतसासरा निघाला. पुण्याहून लग्न होऊन झाशीला यायच्या आधी मला सासरची माहिती पुरवण्यात आली होती ती अशी : घराणं सुभेदारांच्या फौजेबरोबर आलेलं, माणसं कडक सोवळ्याची, सासरे मऊरानीपुरला शाळामास्तर, आणि मुलाची नोकरी झाशीत म्हणून राहायचं खंडेराव गेटापाशी काका-काकूंकडे, काका रेल्वेतून निवृत्त, मूलबाळ नाही, स्वभाव शांत. महिन्यातल्या पहिल्या रविवारी दुपारी काका परसात बसून काय करतात, याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. काढला असता तर माझ्या वडिलांनी सुपारी परत केली असती आणि मी आयुष्यातल्या एका मोठ्या सुखाला मुकले असते.

घर म्हणजे खाली तीन खोल्या आणि वर दोन. पण खालच्या दहा बाय दहाच्या खोलीला दिवाणखाना म्हणायचं आणि स्वयंपाकघराला मुदपाकखाना. पहिल्याच दिवशी काकूंनी सांगितलं, "मुदपाकखान्यात जाऊन जरा दूध देख," तेव्हा मी दोन मिनिटं घरभर मुदपाकखाना शोधत हिंडले आणि न्हाणीघरात पोचले. भाषेचं हे असं. निम्मी पेशवाईतली, निम्मी स्टेशनावरची. मी पुण्याची, म्हणजे मराठी आमच्या घरचीच, अशा तोऱ्यात मनातल्या मनात त्यांचं मराठी सुधारत बसायची. सहा महिन्यांत मीच "बिलकुल" आणि "पहले" म्हणायला लागले. काकूंचं माहेर गुरसराय गावचं. माहेरची जहागिरी जाऊन जमाना झाला होता, पण काकू अजून पाटावर बसायच्या त्या जहागिरी मांडीखाली असल्यासारख्याच. आमचं पहिलं भांडण पुरणाच्या डाळीवरून झालं. मी शिजताना डाळीत सवयीनं हळद आणि तेलाचा थेंब टाकायला गेले. काकूंनी माझा हात वरच्या वर धरला. "डाळीत पाण्याशिवाय काही नाही पडत. पुण्यात पडत असेल." ही डाळ लक्षात असू द्या, पुढं तिचं काम आहे.

तर पहिला रविवार. जेवणं आटोपली की काका धोतर बदलायचे, बाहेर जाऊन पोत्यात गुंडाळलेला बर्फ आणायचे ("काए पंडज्जी, फिर बरफ? घर में ब्याव है का?" असं बर्फवाला दर महिन्याला विचारायचा आणि काका दर महिन्याला "हां भैया, ऐसा ही समझो" म्हणायचे), आणि परसातल्या पपईच्या झाडाखाली पाट मांडून बसायचे. समोर कोळशाच्या खोलीतून आणलेली जिनची बाटली. बाटलीला घरात प्रवेश नव्हता. ती कोळशाच्या खोलीत राहायची आणि दुकानात ती घेताना काका "मालिश के लिए" असं न विचारता सांगायचे. शेजारी कागदी लिंबं, तार यायच्या आधीच उतरवलेला साखरेचा पाक, एक कोरं चहाचं गाळणं, आणि मापाला चक्क संध्येची पळी. चार पळ्या जिन, दोन पळ्या रस, दीड पळी पाक. पळी देवघरातून नाहीशी झाल्याचं काकूंना कळलं तेव्हा त्यांनी दुसरी पळी आणली आणि पहिलीचं नाव टाकलं. हे सगळं हलवायला इंग्रजांकडे म्हणे खास भांडं असतं. काकांकडे फिरकीचा तांब्या होता. त्यांच्या आजोबांनी त्यातून काशीची गंगा आणली होती. लिंबानं पितळ बाधू नये म्हणून त्या तांब्याला काका दर दोन महिन्यांनी आतून कल्हई करून घ्यायचे. तांब्यात सगळं घालायचं, बर्फ टाकायचा, फिरकीचं झाकण आवळायचं, आणि खांद्याशी धरून हलवायचा. किती वेळ? तर सूर्याची बारा नावं म्हणून होईपर्यंत. मित्राय नमः, रवये नमः, आणि आत बर्फ खडखडतोय! बारावं नाव संपलं की तांब्यावर दव धरलेलं असायचं. मग ते गाळण्यातून एका उंच दांडीच्या पेल्यात उतरायचं. तसा पेला घरात एकच. तो एरवी जुन्या उपरण्यात गुंडाळून फडताळात वरच्या कप्प्यात असायचा.

आणि मग काका तो पेला उजेडात धरून बघायचे, नाकाशी न्यायचे, "हूं" म्हणायचे आणि शांतपणे पपईच्या बुंध्याशी ओतून द्यायचे.

बाई गं! हे पहिल्यांदा वरच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा एखादा कुळाचार असणार. या लोकांचं काय सांगावं. ती पपई, सांगते, एका अंगाला कलली होती, आणि फळं अशी धरायची की गल्लीत वाटून पुरून उरायची. आमच्या यांना विचारलं तर हे म्हणाले, "काकांचं ते चालतंच." याहून जास्त माहिती पुरुषांकडून मिळत नाही. शेवटी मी काकांनाच विचारलं. "पीत नाही तर करता कशाला?" काकांना या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. "हात विसरू नये म्हणून," ते म्हणाले.

झालं होतं ते असं. काका तरुण असताना इंजिनांच्या शेडमध्ये कारकून होते, आणि त्यांचे साहेब अँग्लो-इंडियन. साहेबांचा जिन सॉवरवर, म्हणजे या लिंबू-पाकाच्या जिनवर, भारी जीव. रविवारी दुपारी व्हरांड्यात बसून स्वतःच्या हातानं करायचे आणि एकच प्यायचे. एका वर्षी कामावर त्यांचा उजवा हात यंत्रात सापडला. हात राहिला, पण बोटं वाकेनात. सहीसुद्धा डाव्या हातानं करायचे. काका कागद घेऊन बंगल्यावर गेले, तर साहेब बाटली आणि लिंबं समोर घेऊन नुसतेच बसलेले. मग म्हणाले, "बाबू, तुम बनाएगा? हम बोलेगा, तुम करेगा." काकांनी बाटलीला शिवण्याआधी मनात देवाची माफी मागितली आणि हात घातला. त्या दिवसापासून साहेब झाशीत होते तोवर, दर रविवारी, काका साहेबांचा उजवा हात होते. हे मी अलंकारानं म्हणत नाही. साहेब सगळ्यांना असंच सांगायचे, "ये बाबू नहीं, हमारा हाथ है." पुढं साहेबांची बायको वारली, मुली ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ साहेबही निघाले. निघताना स्टेशनावर त्यांनी काकांना तो पेला दिला. "संभाल के रखो. हम आएगा, इसी में पिएगा." आता माणूस निरोप घेताना असं काहीतरी बोलतोच. पण काकांना कोणी काही सांगितलं की ते हुकूम म्हणूनच ऐकायचे. नोकरीच तशी केलेली. साहेब येणार, तर हात तयार पाहिजे. म्हणून दर महिन्याला एक पेला, वीस वर्षं, पपईला.

एकच गोष्ट काकांना आतून खात होती. साहेबांच्या पेल्यावर दोन बोटं फेस असायचा, पांढराशुभ्र, सायीसारखा. तो यायचा अंड्यातल्या पांढऱ्यानं. आणि साहेब गेल्यावर काकूंनी काकांच्या या व्रताची सगळी चौकशी करून निकाल दिला होता : जिन म्हणजे बाटलीतलं औषध, ती कोळशाच्या खोलीत राहू शकते. अंडं या घराचा उंबरा ओलांडणार नाही. "साहेबाला यायचं तर येऊ दे, अंडं नाही यायचं." अपील नाही. तेव्हा काकांचा पेला वर्षानुवर्षं बोडका. रंग तोच, वास तोच, पण वर फेस नाही. काका उजेडात धरून "हूं" म्हणायचे त्यात हे सगळं दुःख असायचं.

मला काकांनी या कामात ओढलं ते माझ्या जिभेमुळं. एकदा आमटीत गूळ चिमूटभर कमी पडलाय हे मी नुसत्या थेंबावरून सांगितलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता काहीतरी बक्षीस देतायत. पुढच्या पहिल्या रविवारी जिन्याखालून हाक आली, "सूनबाई, जरा तुमची जीभ हवी होती." पुण्याच्या वेदशास्त्रसंपन्न माणसाची मी लेक, पपईखाली पदर सावरून बसले आणि चुलतसासऱ्यानं दिलेली जिन चमच्यानं चाखली. इश्श! आधी आंबट, मग गोड, मग थंडगार, आणि सगळ्यांच्या मागून एक कडवट चाहूल. मी म्हणाले, "पाक थोडा जास्त झालाय." काकांनी हात जोडले. वीस वर्षांत त्यांना कोणी चव सांगितली नव्हती. तेव्हापासून मी पगाराशिवाय नोकरीला लागले, आणि खोटं कशाला बोलू, रविवारची वाट बघायला लागले.

आणि फेसाचे प्रयोगही माझ्याच जिभेवर सुरू झाले. साय घालून पाहिली, फाटली. ताजं ताक घुसळून घातलं. ते कढीच्या वाटेला गेलं. एकदा काकांनी, कर्म माझं, रिठ्याचं पाणी घातलं. फेस म्हणाल तर हातभर! काका लहान मुलासारखे हरखून गेले. मी एक चमचा घेतला आणि दोन दिवस जे खाल्लं ते न्हाऊन आल्यासारखं लागलं.

मग होळी आली, आणि ती नेमकी पहिल्या रविवारी. काकूंनी पुरण घातलं होतं. मऊरानीपुरला सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून पोळ्या आणि आमटीसाठी कट घेऊन हे दुपारच्या बसनं जायचे होते. कट म्हणजे पुरणाची डाळ शिजल्यावर वरचं दाट पाणी काढून घेतात ते. बसमध्ये सांडू नये म्हणून मी, अतिशहाणी, फळीवरचा फिरकीचा तांब्या घेतला आणि नैवेद्य दाखवून झाल्यावर कट त्यात भरला. काकूंनी पाहिलं आणि केवढ्यांदा ओरडल्या! "अगं, त्या तांब्यात?" झालं. कट बाटला. तो मोरीत ओतला, उरलेला डब्यात भरला, बस निघायची वेळ झाली, आणि त्या गडबडीत तांब्या न विसळता मी फळीवर ठेवून दिला. दुपारी काकांनी तो घेतला. सूनबाई तांब्या लख्ख ठेवते हा त्यांचा विश्वास. आत बघितलंसुद्धा नाही. बारा नावं झाली, गाळण्यातून पेल्यात ओतलं, आणि परसातून हाक आली, "सूनबाई!" चोर सापडल्यासारखी. मी धावले. काका पाटावर बसलेले, पेला दोन्ही हातांत, आणि पेल्यावर दोन बोटं फेस. पांढराशुभ्र. मी चाखला. डाळीचा वाससुद्धा नाही, नुसती मऊ साय. "साहेबांचा फेस," काका म्हणाले. मी तांब्यात पाहिलं, तळाशी कटाचा दाट थर. सगळं कळलं. ते सांगितलं तर म्हणाले, "मग तर हा शाकाहारीच की." त्या दिवशी पपईला फार थोडं मिळालं.

पण गंमत अशी, की तो फेस काकूंच्याच कटाला यायचा. मी वर माझ्या स्टोव्हवर चोरून डाळ शिजवून पाहिली. हाताच्या सवयीनं तेलाचा थेंब पडला आणि फेस उठेचना. तेल न घालता केली तर कुकरातलं पाणी पातळ. काकूंसारखं कोळशाच्या शेगडीवर पहाटेपासून डाळीजवळ बसून राहणं माझ्या बापजन्मात जमलं नसतं. म्हणून मग सणासुदीला काकूंनी पुरण घातलं, की रविवार असो नसो, नैवेद्यानंतर एक वाटी कट मी पदराआड परसात न्यायची. काकांची अट एकच : "आधी देवाला, मग साहेबाला."

त्या पावसाळ्यात काकांच्या हाताला कंप सुटला. आधी चहाची बशी वाजायला लागली, मग सही बिघडली. डॉक्टर म्हणाले, हे वाढणार. "हलवायला बरंच झालं की," काका म्हणाले, पण त्या रविवारी तांब्यातलं पेल्यात कमी आणि पाटावर जास्त पडलं. ते त्यांनी पाहिलं, मीही पाहिलं, आणि दोघंही लिंबाच्या सालींकडे बघत बसलो. वीस वर्षं सांभाळलेला हात निसटत चालला होता. आणि तेवढ्यात, थंडीच्या सुरुवातीला, पत्र आलं. साहेब दिल्लीला भाचीकडे येणार होते, आणि एका दिवसासाठी झाशीला; बायकोच्या कबरीवर फुलं ठेवायला. खाली एक ओळ होती, ती काकांनी मला चार वेळा वाचून दाखवली. पेला फुटला नसेल अशी आशा आहे.

तारीख पाहिली. मागेपुढे सण नाही, वार नाही. पुरण कशाला घालायचं? आणि नैवेद्याच्या पुरणाचा कट दारूत जातो हे काकूंना सांगणार कोण? काका म्हणाले, "आपण बिनफेसाचंच देऊ. साहेब समजून घेतील." हे त्यांनी इतक्या पडलेल्या चेहऱ्यानं म्हटलं की मलाच राग आला. मी तशीच मुदपाकखान्यात गेले. काकू गहू निवडत होत्या. "काकू, साहेब यायचे त्या दिवशी पुरण घालायचं का?" सुपातून मान वर न करता काकू म्हणाल्या, "घालणार आहे. डाळ जादाच भिजवणार आहे." मग त्यांनी सूप खाली ठेवलं. "मला आंधळी समजता का गं दोघं? होळीपासून दर खेपेला माझी आमटी दाट होतेय. कटच पुरत नाही." मी सूप माझ्याकडे ओढून गहू निवडायला लागले. "पाहुणा घरी येतो म्हणून मी पुरण घालते. उरला कट कुठं जातो ते मी बघत नाही. आणि वाटी पदराआड नेऊ नकोस, पदराला वास येतो."

साहेब दुपारी आले. मी सहा फुटी गोरा साहेब धरून चालले होते. प्रत्यक्षात अंगाहून मोठा कोट घातलेला एक म्हातारा टांग्यातून उतरला. काका ताठ उभे राहून म्हणाले, "येस सर." साहेबांनी डावा हात पुढं केला. दिवाणखान्यात बसून त्यांनी डाव्या हातानं दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, तूप मागून घेतलं, शेडमधल्या एकेका इंजिनाची नातेवाइकासारखी चौकशी केली. मग काकांनी फडताळातून उपरणं काढलं, पेला उलगडला. वीस वर्षांत पहिल्यांदा तांब्या, बाटली, बर्फ, सगळं परस सोडून दिवाणखान्यात मांडलं होतं. काकू आतल्या दाराशी उभ्या होत्या. चार, दोन, दीड, आणि एक पळी कट. बारा नावं साहेबही ओठांतल्या ओठांत मोजत होते असं मला वाटलं. हलवणं झकास झालं. मग ओतायची वेळ आली. तांब्याची कड गाळण्यावर वाजायला लागली, टिकटिक, टिकटिक; पहिला ओघळ ताटात पडला. काका थांबले. पुन्हा उचललं, पुन्हा तेच. त्यांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. मी पुढं होणार तेवढ्यात काकू माझ्या अंगावरून पुढं गेल्या. ज्या तांब्याला त्या वर्षानुवर्षं शिवल्या नव्हत्या, त्याच्यावर काकांच्या हातांसकट त्यांनी आपले दोन्ही हात ठेवले.

"ओता," काकू म्हणाल्या.

पेला भरला. वर दोन बोटं फेस. साहेबांनी तो बराच वेळ नुसता पाहिला, मग एक घोट घेतला. पांढऱ्या मिशांवर पांढरा फेस. "बाबू, अंडा? तुम्हारे घर में?" काका काही बोलायच्या आत काकूंनी पदर सारखा करून ठणकावलं, "अंडा नहीं है. चने की दाल है, पूरन की." साहेबांनी दाल हा शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ते पाणी हसण्याचंच होतं असं मी तेव्हा धरून चालले. पेला रिकामा करून त्यांनी तो काकांच्या हातात दिला, आणि आपला न वाकणारा उजवा हात काकांच्या थरथरत्या हातावर ठेवला. "हमारा हाथ तुमने संभाल के रखा, बाबू." काका लहान मुलासारखे रडले. मीही रडले, सांगायला लाज कसली. काकूंनी तेवढ्यात ताट उचललं, पेला स्वतः राखेनं घासला आणि भर थंडीत डोक्यावरून आंघोळ केली.

साहेबांची पत्रं दोन नाताळ आली, तिसऱ्याला आलं नाही. काकांनी चौकशी केली नाही, पण रविवार बंद केला. पुढच्या थंडीत तेही गेले. बाटलीत चार बोटं जिन उरली होती, ती कोळशाच्या खोलीत तशीच राहिली.

त्यानंतरच्या होळीला काकूंनी पुरण घातलं नाही, दुखवट्याचं वर्ष. त्याच्या पुढच्या होळीला घातलं. नैवेद्य झाला आणि बघते तर ओट्यावर एक वाटी कट झाकून ठेवलेला. शेजारी फिरकीचा तांब्या, आतून नवी कल्हई. कल्हईवाल्याला कधी बोलावलं, मला पत्ता नाही. "हे कुणासाठी, काकू?" मी विचारलं. काकू पोळ्यांवर तूप सोडत होत्या. "कुणासाठी नाही. तुझा हात विसरेल."

जुनी पपई कधीच पडली होती; तिच्या बियांतून आलेल्या झाडाखाली मी पाट मांडला. काकू पायरीवर बसल्या आणि नावं त्यांनीच म्हटली, सावकाश, बाराच्या बारा. मी ओतलं. दोन बोटं फेस आला. पेला उजेडात धरून पाहिला, पण "हूं" म्हणणं मला जमेना. तेव्हा काकूंनी हात पुढं केला, करंगळी फेसात बुडवली आणि जिभेला लावली. "हा तर माझाच कट," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "पाक जास्त झालाय. ह्यांनी ओतून दिलं असतं."

"ओतू का मग?"

काकूंनी पेला माझ्याकडून काढून घेतला आणि मांडीवर धरून बसल्या. त्या दिवशी पपईला काही मिळालं नाही.